आणखी एक तारीख

१२ ऑक्टोबर

चि. सूनबाई,

आशीर्वाद. आधी महत्त्वाचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तुझा नवरा माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. मंगळवारी सकाळी आला. खांद्यावर एक पिशवी आणि पायात घरातल्या चपला. मी दार उघडलं तर म्हणाला, "बाबा, थोडे दिवस राहू का?" स्वतःच्या घरात राहायला परवानगी मागणारा मुलगा बघितला आणि समजलो, काहीतरी चांगलंच बिनसलंय.

तू फोन करत असशील. माझ्या कानांची कथा तुला ठाऊक आहे. बॉयलरच्या कारखान्यात जन्मभर हातोडे ऐकून माझ्या आधी तेच निवृत्त झाले. घंटी वाजलेली कळत नाही, आणि कळलीच तर पलीकडचं माणूस पाण्याखालून बोलल्यासारखं वाटतं. त्याच्याकडे फोन नाही. शेजाऱ्यांच्या फोनवरून घरचं बोलणं मला नको. म्हणून हे पत्र.

त्याला ताप आहे. डॉक्टर येऊन गेले. झोपून असतो. "बायकोला बोलावू का?" असं विचारलं तर म्हणाला, "ती आली तर मी इथूनही जाईन." रागाने म्हणाला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. अगदी हळू म्हणाला, ओठांवरून मला कळलं. तेव्हा लगेच निघू नकोस.

तुमचं भांडण झालंय का? मध्ये पेपरात त्याचा फोटो आला होता, तेव्हा तर सगळं जोरात चाललं होतं. काय झालं ते मला समजेल असं लिही. तो बोलत नाही आणि मला ऐकू येत नाही, असा सध्या आमचा इथला संसार आहे.

तुझा सासरा

---

१७ ऑक्टोबर

ती. बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र मी जिन्यातच वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं, मला चक्कर आली. दवाखाने झाले, पोलीस चौकी झाली, त्याचे मित्र झाले. तुमच्याकडे माणूस पाठवावा हे सुचायला हवं होतं, पण तुमच्याकडे तो तोंड घेऊन जाईल असं मला वाटलंच नाही. त्याचा फोन इथे कपड्यांच्या कपाटात सापडला, बंद केलेला.

भांडण नाही झालं, बाबा. झालं असतं तर बरं. काय घडलं ते सांगते.

फार लांबच्या एका दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या एका मोठ्या थव्यात, दोन वर्षांपूर्वी अचानक उजेड वाढला. असा उजेड एखादा तारा महाकाय कृष्णविवराच्या फार जवळ गेला की दिसतो. ताऱ्याची जवळची बाजू जास्त जोरात ओढली जाते, लांबची कमी. तारा ताणला जातो आणि फाटतो. त्याच्या वायूची लांब धार होते. अर्धी धार बाहेर फेकली जाते आणि अर्धी कृष्णविवराभोवती गरगरत आत पडते. पडताना ती तापून लखलखते. हा उजेड हळूहळू मंदावत जातो, असं आजवर बघितलं होतं.

तुमच्या मुलाचं म्हणणं असं, की तिथे एक नाही, दोन कृष्णविवरं आहेत, एकमेकांभोवती फिरणारी. म्हणून उजेड हळूहळू मंदावणार नाही. दुसरं विवर फिरत फिरत त्या धारेपाशी आलं की धार विस्कटेल, आत पडायचं थांबेल आणि उजेड एकदम जाईल. ते पुढे निघून गेलं की धार पुन्हा जुळेल आणि उजेड परत येईल. त्याने दोन्ही तारखा आधीच छापून टाकल्या. जाण्याची आणि येण्याची.

पहिल्या तारखेला उजेड गेला. म्हणून पेपरात फोटो आला. आमच्या संचालकांनी त्याला टीव्हीवर बसवलं. तिथे मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "आणि परत नाही आला तर?" हा हसून म्हणाला, "येणार म्हणजे येणार." त्याच्या शब्दावर उपग्रहावरच्या दुर्बिणीची वेळ मिळाली, आणि ती दुसऱ्यांच्या कामातून काढून दिलेली होती. एका मुलीचा प्रबंध त्यामुळे वर्षभर लांबला.

दुसऱ्या तारखेला काहीच झालं नाही. आठवडाभर काहीच झालं नाही. संस्थेत त्याला 'तारीखवाला' म्हणायला लागले. समोर नाही म्हणत, पण भिंतींना कान असतात तसं तोंडही असतं. संचालक म्हणाले, "जोडीचं म्हणणं मागे घेतलं असं छापा." त्या रात्री हा जेवला, भांडी घासली, आणि सकाळी नव्हता.

ताप कशाने आला? डॉक्टर नेमकं काय म्हणाले? तुम्ही त्याबद्दल एकच ओळ लिहिलीत.

तुमची सून

---

२६ ऑक्टोबर

चि. सूनबाई,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. ताप उतरला आहे. गारठ्याने आला असेल, काळजी करू नकोस.

तो उठून बसतो. जेवतो, पण ताटात वाढलं तेवढंच. आणखी घे म्हटलं की मान हलवतो. दिवसभर मागच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसतो. मी तिथेच खुर्च्या विणत असतो. वेत पाण्यात भिजवायचा, मऊ झाला की चौकटीच्या भोकांतून ओढून ताणायचा. माझ्या हातांना काम, त्याच्या डोळ्यांना काहीतरी हलतं बघायला. बरं चाललंय असंही म्हणवत नाही आणि वाईट चाललंय असंही नाही.

मला काही विचारायचं आहे, हसू नकोस. एक विवर असताना जेवढे तारे फाटतात त्यापेक्षा दोन असताना जास्त का फाटतात? त्याच्या त्या छापील लेखात तसं लिहिलं होतं, मला तेव्हाच कळलं नव्हतं. आणि दुसरं. तो तारा मेला ना? फाटला, संपला. मग तुम्ही शिकलेसवरलेले लोक त्याच्या उजेडाची एवढी वाट का बघता, की एखाद्याने त्यापायी घर सोडून जावं?

तुझा सासरा

---

३ नोव्हेंबर

ती. बाबा,

हसले नाही. पहिला प्रश्न तर परीक्षेत यावा असा आहे.

विवर एकटं असेल तर जे तारे त्याच्या तावडीत सापडण्यासारखे असतात ते आधीच सापडून संपलेले असतात. उरलेले अंतर राखून फिरतात, आणि फिरत राहतात. दुसरं आलं की त्याच्या ओढीने सगळ्यांच्या वाटा बिघडतात. लाखो वर्षं बिनघोर फिरणारा तारा भलतीकडे ढकलला जातो आणि थेट तोंडाशी जातो. म्हणून जोडी असते तोवर तारे फार जास्त फाटतात. पुढे ती दोन विवरं एक होतात आणि सगळं पुन्हा शांत होतं.

आता दुसरा. तारा कधीच मेला, बाबा. तो उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. जे व्हायचं ते होऊन गेलंय, आम्हाला फक्त कळायचं आहे.

पण आज मी दुसऱ्याच कारणाने लिहितेय. घाईत आहे, अक्षर सांभाळून घ्या. याने हिशोब करताना धरलं होतं की दुसरं विवर गोल वाटेने फिरतं. मी सगळी मोजमापं पुन्हा काढून बसले. उजेड ज्या पद्धतीने गेला ती गोल वाटेशी जुळत नाही, लंबगोल वाटेशी जुळते. लंबगोल वाटेवर ते बाहेरच्या टोकाला, धारेपाशी, जास्त वेळ रेंगाळणार, धार जुळायला उशीर होणार. म्हणजे उजेड यायचा राहिलेला नाही, अजून यायचा आहे! जानेवारीच्या शेवटच्या पंधरवड्यात.

मोठ्या दुर्बिणीसाठी पुन्हा अर्ज करता येईल, पण मूळ लेख त्याचा असल्याने सही त्याचीच लागते. अर्ज सोबत ठेवला आहे. महिनाअखेरीपर्यंत पोचला पाहिजे. बाबा, त्याला दाखवा. फक्त 'लंबगोल' एवढं म्हणा, त्याला बाकीचं समजेल. मला खात्री आहे, तो उठून उभा राहील.

तुमची सून

---

९ नोव्हेंबर

सूनबाई,

अर्ज परत पाठवतो आहे, कोरा. त्याला दाखवलेला नाही आणि दाखवणार नाही.

मी तुझ्याशी खोटं बोललो. ताप होता, पण तो का आला ते लिहिलं नाही. मंगळवारी तो एकटा आला नव्हता. नदीवरच्या बंधाऱ्याचे दरवाजे सांभाळणारा माणूस त्याला घेऊन आला होता. नखशिखान्त भिजलेला. त्या माणसाने पाण्यातून ओढून काढला होता. आत येऊन त्याने मला सोबत आणलेल्या याच्या वहाणांकडे बोट दाखवून सांगितलं, "काठावर नीट जोडीने काढून ठेवल्या होत्या, म्हणून माझं लक्ष गेलं." तुला मी लिहिलं पायात घरातल्या चपला. त्या माझ्या होत्या, नंतर दिलेल्या.

डॉक्टरांनी सांगितलंय, एकटं सोडू नका. मी रात्री त्याच्या दाराशी गादी टाकून झोपतो. ऐकू येत नाही ना, म्हणून दाराला पाय लावून झोपतो. दार हललं तर पायाला कळेल.

आता तू मला सांग. तो एका तारखेवर सगळा भार टाकून उभा होता. ती तारीख गेली तेव्हा काय झालं ते मी बघितलं, तू नाहीस. आणि तू त्याला आणखी एक तारीख देतेस? तो उठून उभा राहील म्हणतेस. राहील. मलाही खात्री आहे. आणि जानेवारीत तुझा उजेड आला नाही तर? त्या बंधाऱ्यावरचा माणूस दर वेळी तिथेच असेल का?

त्याला आणखी एक तारीख देऊ नकोस. हात जोडतो.

बाबा

---

२ डिसेंबर

ती. बाबा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहायचं तेच कळेना. तीन वेळा स्टँडवर गेले आणि तीन वेळा परत आले. "ती आली तर मी इथूनही जाईन" या वाक्याचा अर्थ तुमचं पत्र वाचेपर्यंत मला कळला नव्हता. 'जाईन' म्हणजे कुठे, हे आता कळतंय. त्याच घरात राहून, त्याच टेबलावर जेवून, मला काही दिसलं नाही. मला वाटलं रुसलाय. रुसलाय! भांडी घासत होता तेव्हा मी दुसऱ्या खोलीत ईमेलला उत्तरं देत होते.

अर्जाची मुदत गेली. मी तो फाडून टाकला. रागाने नाही, बाबा. तुम्ही दाराला पाय लावून झोपता हे वाचल्यावर दुसरं काही करणं शक्यच नव्हतं.

पण मला एक करावंच लागेल, ते तुमच्यापासून लपवत नाही. संस्थेच्या आवारात विद्यार्थ्यांना शिकवायची जुनी दुर्बीण आहे. उजेड आला तर तिच्यातूनही कळेल. पंधरवडाभर ती मला द्या म्हणून मी अर्ज केलाय, कारणाच्या रकान्यात 'सराव' लिहिलं. संचालकांनी भुवई वर केली, पण सही दिली. मी एकटीच बघणार आहे. कोणाला सांगणार नाही, त्याला तर नाहीच. पण बघितल्याशिवाय मला राहवणार नाही. रागावू नका.

तो कसा आहे? यापुढे मला सगळं खरं लिहा.

तुमची सून

---

१६ डिसेंबर

चि. सूनबाई,

आशीर्वाद. रागावलो नाही. तुझ्या जागी मीही बघितलं असतं.

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. मागच्या आठवड्यात त्याने आपण होऊन वेत हातात घेतला. खुर्ची वाकडी विणली. मी उसवायला लागलो तर हात धरला आणि स्वतःच उसवली. दुसरी बरी झाली. तिसरी गिऱ्हाइकाला दिली. आता रोज बसतो. बोटं कापून घेतो, पट्ट्या लावून पुन्हा बसतो.

परवा विणता विणता माझ्यासमोर आला. मला ओठ दिसावेत म्हणून अगदी समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाबा, तिने नवी तारीख काढली असेल."

"मला काय माहीत?" मी म्हटलं.

"ती गप्प बसणारी नाही. तिची पत्रं येतात आणि तुम्ही ती डाळीच्या डब्याखाली ठेवता."

"पत्रं घरगुती असतात."

"बाबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. लगेच चष्मा पुसायला लागता."

सूनबाई, मी खरंच चष्मा पुसत होतो. मग मी मान डोलावली. काढली आहे म्हणून. त्याने बराच वेळ वेत बोटाभोवती गुंडाळला, सोडला. म्हणाला, "कोणती ते सांगू नका. अजून नको."

'अजून नको' म्हणाला. 'नको' नाही म्हणाला. याचा अर्थ मी काय घ्यायचा? विचारलं तर सांगू? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणतात, मागितलं तर लपवू नका, लपवलेलं त्याला जास्त खाईल. डॉक्टर तरुण आहेत. त्यांना मुलगा नाही.

बाबा

---

२१ डिसेंबर

ती. बाबा,

डॉक्टरांचं बरोबर आहे, आणि तुमची भीतीही बरोबर आहे. तारीख मी तुमच्या हातात ठेवते: अठरा ते तीस जानेवारी. त्यात केव्हाही. त्याने आपण होऊन विचारलं तरच सांगा. आणि सांगताना हेही सांगा, की हा हिशोब माझा आहे आणि मी चुकू शकते. हे शब्द त्याने टीव्हीवर म्हटले असते तर आज आपण एकमेकांना पत्रं लिहीत बसलो नसतो.

तुमची सून

---

१० जानेवारी

चि. सूनबाई,

आशीर्वाद. वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याने विचारलं आणि मी सांगितलं. तू सांगितलेलं सगळं सांगितलं, तू चुकू शकतेस तेही. तो म्हणाला, "लंबगोल?" मी म्हटलं, "असं काहीतरी." तो हसला. किती महिन्यांनी!

तेव्हापासून वेगळाच माणूस घरात आहे. दाढी करतो. दुसऱ्यांदा भाजी मागून घेतो. सकाळी फिरायला जातो. मी पन्नास पावलं मागे असतो, भिंतीआडून. औषधाच्या दुकानातल्या बाई विचारतात, "काका, हेरगिरी सुरू केलीत का?" काल विणता विणता गुणगुणत होता. मला ऐकू आलं नाही, पण मान डोलत होती.

तुला वाटेल म्हातारा खूश असेल. सूनबाई, माझी झोप उडाली आहे. मी ज्याला भीत होतो तेच झालं. तो तुझ्या तारखेवर जगायला लागलाय. अठरापासून तीसपर्यंत ठीक. एकतीसला काय?

म्हणून मीच तुला एक सांगतो, ज्याने जन्मात कोणाला फसवायला सांगितलं नाही. उजेड आला तर उत्तम. नाही आला तर लिही, ढग होते. लिही, पंधरा दिवस आकाश झाकलेलं होतं, काही दिसलं नाही. ढगांना कोणी दोष देत नाही आणि ढगांपायी कोणी जीव देत नाही. तोवर तो आणखी सावरेल. मग पुढे केव्हातरी सावकाश सांगू.

एवढं कर. पुन्हा काही मागणार नाही.

बाबा

---

१५ जानेवारी

ती. बाबा,

मी तुम्हाला वचन देत नाही. नाही म्हणायचीही हिंमत होत नाही. तीन दिवसांनी सुरू करते.

तुमची सून

---

२८ जानेवारी

सूनबाई,

दहा दिवस झाले. तुझी एक ओळ नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की आम्ही दोघं उभे राहतो आणि एकमेकांना न दिसल्यासारखं करतो. तो हल्ली विणतही नाही. काल जेवताना एकदम म्हणाला, "तिचं पत्र आलं तर आधी मला द्या. तुम्ही वाचू नका." मी हो म्हटलं.

मी पुन्हा दाराशी झोपायला लागलोय. जे काही आहे ते लिही. मी काय मागितलंय ते विसरू नकोस.

बाबा

---

३१ जानेवारी

अरे,

हे पत्र बाबा तुझ्या हातात देतील. बाबा, तुम्ही आधी वाचलंत तरी चालेल, पण याला द्या, आणि तुम्ही तिथेच बसा.

आला नाही. अठरापासून काल रात्रीपर्यंत मी रोज बघितलं आणि उजेड आला नाही. दुर्बिणीत दोष नव्हता. शेजारचे तारे नेहमीसारखे नीट उमटत होते. दीर्घिकेचा रोजचा मंद उजेड तेवढा होता, त्याच्यावर काही नाही. आकाश सगळ्या रात्री स्वच्छ होतं.

हे शेवटचं वाक्य लिहायच्या आधी मी फार वेळ बसून होते. मला दुसरं काहीतरी लिहायचा सल्ला होता. ज्याने दिला त्याने तुझ्यावरच्या मायेने दिला, आणि खरं सांगते, मी तसं एक पत्र लिहूनही टाकलं होतं. पाकिटात घातलं. मग मनात आलं, याच्याशी मी पुढची वीस-तीस वर्षं एका टेबलावर जेवणार आहे. प्रत्येक जेवणाला ते ढग माझ्या ताटात असतील. ते पत्र मी जाळलं.

लंबगोल वाट माझी होती, तुझी नाही. म्हणजे आता आपण दोघंही चुकलो. माझ्याकडे तिसरी तारीख नाही, आणि असली तरी मी देणार नाही. उजेड यावा म्हणून मी एवढे दिवस जागले असं तुला वाटेल. पहिल्या रात्री तसंच होतं. नंतर मी फक्त एवढंच मागत होते, की आला नाही तरी तू राहा.

मला तिथे येऊ दे. नको म्हणालास तरी एकदा विचारतेय.

मी

---

५ फेब्रुवारी

प्रिय हट्टी बाई,

बाबांनी पत्र दिलं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. दोन्ही हात चौकटीला. बॉयलरच्या कारखान्यातला माणूस आहे, हलवायचा म्हटला तर मला जमलं नसतं. बसा म्हटलं तर बसेनात.

मी वाचलं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "आला नाही."

"काय?"

"आला नाही, बाबा."

त्यांना कळेना. घाबरल्यावर त्यांना ओठ वाचता येत नाहीत, हे मला तेव्हाच समजलं. मग मी ओरडलो, "उजेड आला नाही! मी चुकलो!"

"कोण?"

"मी! चुकलो! तुमची सूनही चुकली!"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. औषधाच्या दुकानातल्या बाई रस्त्यावर आल्या. गेले चार महिने जे शब्द मला कुजबुजतही म्हणता येत नव्हते ते मी अख्ख्या गल्लीला ऐकवले, तेही तीनदा, कारण बाबांनी आणखी एकदा "काय?" विचारलं. मग त्यांनी चौकट सोडली आणि खाली बसून लहान मुलासारखे रडले. मी त्यांना पाणी दिलं. मी त्यांना पाणी देतोय हे बघून ते आणखी रडले.

तुला एक सांगायचंय. चौकातल्या वाचनालयात मी रोज सकाळी जात होतो. तिथल्या कॉम्प्युटरवर आपली संस्था आहे त्या डोंगरावरचं हवामान बघत होतो. एकही रात्र ढगाळ नव्हती, हे मला तुझं पत्र यायच्या आधी माहीत होतं. आणि उजेड आला असता तर तू पत्र लिहीत बसली नसतीस, रिक्षा करून थेट दारात आली असतीस, हेही माहीत होतं. म्हणजे उत्तर मला केव्हाच कळलं होतं. पत्राची वाट मी वेगळ्याच गोष्टीसाठी बघत होतो. तू काय लिहितेस त्यासाठी.

ढग होते असं लिहिलं असतंस, तर मला कळलं असतं की मी आता असा माणूस झालोय ज्याला घरचे खरं सांगू शकत नाहीत. त्यानंतर मी काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. बाबांना हे सांगितलं नाही. सल्ला कोणाचा होता ते मी विचारणार नाही. ते चष्मा पुसताहेत.

आता कामाचं. कदाचित तिथे एकच विवर असेल आणि उजेड भलत्याच कारणाने गेला असेल. कदाचित दोन असतील आणि धार परत जुळलीच नसेल. आपल्याला माहीत नाही. संचालकांना हवं तसं 'मागे घेतलं' आपण लिहायचं नाही, कारण जोडी नाही असंही आपण दाखवलेलं नाही. काय भाकीत केलं, केव्हा बघितलं, काय दिसलं नाही, तेवढंच लिहू. तुझ्या रात्री तुझ्या नावाने, माझी चूक माझ्या नावाने. ज्या मुलीचा प्रबंध लांबला तिला मी वेगळं पत्र लिहिलंय. ते या पाकिटात आहे, तिच्या खोलीत नेऊन दे.

मी बरा आहे असं लिहिणार नाही. सकाळी उठताना अजून छातीवर दगड असतो. डॉक्टरांकडे दर गुरुवारी जातो, पुढेही जाणार आहे. पण काल एक अख्खी दुपार मी त्याबद्दल विचार न करता घालवली, हे संध्याकाळी लक्षात आलं.

ये. शनिवारची गाडी घे. स्टँडवर मी येतो म्हणतोय, बाबा म्हणताहेत ते येतील, दोघं गेलो तर घरात स्वयंपाक कोण बघणार यावरून सकाळपासून आमचं मोठ्याने चाललंय. तुला कोण आलेलं आवडेल ते कळव. नाहीतर कळवू नकोस, आम्ही दोघंही येतो. जेवायला उशीर होईल.

तुझा
मी